पटावरील भूमिकाखेळांच्या युद्धनियमांतील क्रियाप्रकार : एक विवेचन

प्रस्तावना :

कोणत्याही बैठ्या खेळात दोन प्रश्नांची उत्तरे नियमांनी आधी द्यावी लागतात. पहिला प्रश्न, पाळी कोणाची? दुसरा प्रश्न, आपल्या पाळीत खेळाडूने काय आणि किती करावे? बुद्धिबळात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते : एक चाल. सारीपाटात हे उत्तर फासे देतात. जेवढे दान पडेल तेवढी घरे सोंगटी चालते. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या पटावरील भूमिकाखेळांत हे उत्तर इतके सोपे राहिले नाही. त्यांत खेळाडू सोंगटी चालवीत नाही, तर एका काल्पनिक व्यक्तीची भूमिका घेतो. ही व्यक्ती धावू शकते, तलवार चालवू शकते, दार उघडू शकते, जखमी सोबत्याला सावरू शकते आणि हे सर्व करताना बोलूही शकते. यांपैकी एका पाळीत किती गोष्टी करता याव्यात हे ठरविण्यासाठी या खेळांनी 'क्रियाप्रकार' ही व्यवस्था निर्माण केली.

ही व्यवस्था नवशिक्याला क्लिष्ट वाटते. प्रमुख नियमपुस्तके इंग्रजीत असल्याने सेलूसारख्या तालुक्याच्या ठिकाणी मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे ही अडचण दुहेरी उभी राहते. एक नियमाची आणि दुसरी संज्ञेची. वस्तुतः या व्यवस्थेमागील तत्त्व आपल्या देशी खेळांना अपरिचित नाही. ते तत्त्व मराठीत स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

उद्दिष्टे :

१) भूमिकाखेळांच्या युद्धनियमांतील प्रमुख क्रियाप्रकारांचा परिचय करून देणे.
२) या क्रियाप्रकारांची ऐतिहासिक वाटचाल थोडक्यात मांडणे.
३) देशी खेळांशी तुलना करून त्यामागील तत्त्व स्पष्ट करणे.
४) मराठी परिभाषेचा आणि अध्यापनातील उपयोगाचा विचार करणे.

पार्श्वभूमी :

भूमिकाखेळांचे मूळ लष्करी सरावखेळांत आहे. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी गेओर्ग फॉन रायस्वित्झ याने आपल्या वडिलांनी रचलेला युद्धखेळ सुधारून १८२४ साली त्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यात नकाशावर ठोकळे मांडून दोन पक्ष लढत आणि एक पंच निर्णय देई. प्रत्येक पाळी दोन मिनिटांच्या प्रत्यक्ष काळाइतकी मानली जाई आणि तेवढ्या काळात पलटण जेवढे अंतर जाईल तेवढेच तिला नकाशावर सरकविता येई. पाळी म्हणजे काळाचा एक तुकडा आणि क्रिया म्हणजे त्या तुकड्यात मावणारे काम, ही कल्पना येथे स्पष्टपणे दिसते.

पुढे अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ साली 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियम प्रसिद्ध केले. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली आला. पलटणीऐवजी एकेक व्यक्ती हे खेळाचे एकक बनले, हे या खेळाचे वेगळेपण होय. एक खेळाडू एक पात्र चालवितो आणि उर्वरित सृष्टी, शत्रू व निर्णय खेळसंचालकाकडे असतात. पलटणीने काय करावे हे आज्ञेने ठरते. पण व्यक्तीला शेकडो लहानमोठ्या गोष्टी करता येतात. त्यामुळे क्रियांची मोजदाद करण्याची गरज येथून पुढे वाढत गेली.

फेरी, पाळी आणि पुढाकार :

क्रियाप्रकार समजण्यापूर्वी तीन संज्ञा स्पष्ट होणे आवश्यक आहे. लढाईतील सर्वांना एकेकदा संधी मिळाली म्हणजे एक 'फेरी' पूर्ण होते. फेरीतील एका पात्राची संधी म्हणजे त्याची 'पाळी'. पाळ्यांचा क्रम ज्या दानाने ठरतो त्याला 'पुढाकार' म्हणता येईल. सध्याच्या नियमांत प्रत्येक पात्रासाठी वीस बाजूंचा फासा टाकतात, त्यात त्या पात्राच्या चपळाईचा अंक मिळवितात आणि मोठ्या बेरजेकडून लहान बेरजेकडे क्रम लावतात.

फेरीची लांबी सर्व काळी एकच नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत एक फेरी एका मिनिटाची होती आणि तिचे सहा सेकंदांचे दहा भाग पाडलेले होते. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून संपूर्ण फेरीच सहा सेकंदांची झाली. हा बदल केवळ आकड्यांचा नाही. एका मिनिटात अनेक वार, हुलकावण्या आणि बचाव घडले असे गृहीत धरता येते. त्यामुळे फाशाचे एक दान हे त्या साऱ्या झटापटीचा सारांश असे. सहा सेकंदांत मात्र एक वार म्हणजे एकच वार. काळ लहान झाल्यावर त्यात काय मावते याचा हिशेब काटेकोर करणे भाग पडले आणि क्रियांचे प्रकार नावानिशी वेगळे झाले.

क्रियाप्रकारांचे स्वरूप :

येथे २०१४ सालची पाचवी आवृत्ती आधारभूत धरली असून २०२४ सालच्या सुधारित नियमांतील फरक आवश्यक तेथे नमूद केले आहेत.

१) हालचाल : प्रत्येक पात्राला आपल्या पाळीत ठरावीक अंतर चालता येते. सामान्य मनुष्यपात्रासाठी ते तीस फूट असते. चौकटीच्या पटावर एक घर पाच फुटांचे मानतात, म्हणजे सहा घरे होतात. हे अंतर एकाच वेळी संपविण्याचे बंधन नाही. दहा फूट पुढे जाऊन वार करावा आणि उरलेले वीस फूट मागे यावे, असेही करता येते.

२) मुख्य क्रिया : पाळीतील हे सर्वांत मोठे काम होय. वार करणे, मंत्रप्रयोग करणे, दुप्पट अंतर धावणे, शत्रूच्या कक्षेतून सावधपणे निसटणे, केवळ बचाव करणे, सोबत्याला साहाय्य करणे, लपणे, शोध घेणे हे तिचे पर्याय आहेत. एका पाळीत सर्वसाधारणपणे एकच मुख्य क्रिया करता येते. येथे खेळाडूला खऱ्या अर्थाने निवड करावी लागते, कारण वार केला तर बचाव सुटतो आणि बचाव केला तर वार सुटतो.

३) पूरक क्रिया : इंग्रजीत हिला 'बोनस अ‍ॅक्शन' म्हणतात. हे लहान आणि झटपट काम होय. दोन्ही हातांत हलकी शस्त्रे असतील तर दुसऱ्या हाताने वार करणे, हेराने वार करून झाल्यावर चपळाईने निसटणे, वैद्याने एका शब्दाने जखमीला उभे करणे ही तिची उदाहरणे आहेत. मात्र ही क्रिया प्रत्येकाला आपोआप मिळत नाही. एखाद्या कौशल्याने, शस्त्राने किंवा मंत्राने ती विशेषत्वाने दिलेली असेल तरच करता येते आणि एका पाळीत एकदाच करता येते.

४) प्रतिक्रिया : दुसऱ्याच्या कृतीमुळे ताबडतोब घडणारी क्रिया म्हणजे प्रतिक्रिया. ती बहुधा दुसऱ्याच्या पाळीत घडते. शत्रू आपल्या शस्त्राच्या कक्षेतून बाहेर पडू लागला तर त्याच्यावर संधी साधून केलेला वार हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. एकदा वापरलेली प्रतिक्रिया आपली पुढची पाळी सुरू होईपर्यंत परत मिळत नाही. 'दरवाजा उघडताच बाण सोडीन' अशी अट घालून राखून ठेवलेली क्रियाही याच खात्यातून खर्च होते. अट पूर्ण झाली नाही तर ती क्रिया वाया जाते.

५) मुक्त क्रिया : दोन शब्द बोलणे, हातातील वस्तू टाकून देणे, चालता चालता तलवार उपसणे अशा किरकोळ गोष्टींची मोजदाद होत नाही. अर्थात यालाही मर्यादा आहे. २०१४ च्या नियमांत हालचाल किंवा मुख्य क्रिया चालू असताना एकाच वस्तूची हाताळणी मुक्त मानली आहे. दुसऱ्या वस्तूसाठी मुख्य क्रिया खर्चावी लागते.

एका फेरीचे उदाहरण :

हे सर्व प्रकार एकत्र कसे काम करतात हे एका काल्पनिक प्रसंगातून पाहता येईल. दुधना नदीच्या काठी एका पडक्या गढीत योद्धा, हेर, मांत्रिक आणि वैद्य असे चार साथीदार शिरले आहेत आणि गढीचा राखणदार त्यांच्यापुढे उभा आहे.

प्रथम हेराची पाळी येते. तो पुढे सरकतो, मुख्य क्रियेने राखणदारावर वार करतो, पूरक क्रियेने स्वतःला सोडवून घेतो आणि उरलेल्या हालचालीत खांबाआड जातो. नंतर राखणदार योद्ध्याला सोडून मांत्रिकाकडे धावतो. तो कक्षेबाहेर पडत असतानाच योद्धा प्रतिक्रिया खर्चून त्याच्यावर वार करतो. राखणदार तरीही मांत्रिकापर्यंत पोहोचतो आणि गदा उगारतो; मांत्रिक प्रतिक्रिया म्हणून ढालमंत्र उच्चारतो आणि वार हुकतो. आता मांत्रिकाची पाळी. त्याची प्रतिक्रिया त्याला परत मिळाली आहे. परंतु नुसते मागे हटावे तर राखणदार संधी साधून वार करील. म्हणून तो मुख्य क्रिया सावधपणे निसटण्यात खर्च करतो. परिणामी या पाळीत मुख्य क्रियेचा मंत्र त्याला म्हणता येत नाही. योद्धा आपल्या पाळीत राखणदाराला पुन्हा गाठून वार करतो. शेवटी वैद्य पूरक क्रियेच्या मंत्राने जखमी योद्ध्याला सावरतो. २०१४ च्या नियमांनुसार पूरक क्रियेत मंत्र म्हटल्यावर त्याच पाळीत मुख्य क्रियेने केवळ प्राथमिक मंत्रच म्हणता येतो, म्हणून तो मोठ्या मंत्राऐवजी हातातील गदेने वार करतो. फेरी संपते.

या प्रसंगात प्रत्येकाला काहीतरी सोडावे लागले. मांत्रिकाला जीव वाचविण्यासाठी मंत्र सोडावा लागला, तर योद्ध्याने प्रतिक्रिया आधीच खर्चल्यामुळे आपली पाळी येईपर्यंत दुसरा शत्रू त्याच्या कक्षेतून निसटला असता तर त्याला रोखता आले नसते. मर्यादित साधनांतून केलेली निवड हेच या नियमांचे सार आहे.

देशी खेळांशी तुलना :

क्रियांच्या मर्यादेचे हे तत्त्व आपल्या मैदानी आणि बैठ्या खेळांतही निरनिराळ्या रूपांत आढळते. कबड्डीत चढाई करणाऱ्याला तीस सेकंदांचा अवधी असतो. त्यात किती गडी मारावेत याला बंधन नाही. बंधन आहे ते काळाचे आणि श्वासाचे. पकड ही बचाव करणाऱ्यांची प्रतिक्रियाच आहे, कारण ती चढाई करणाऱ्याच्या कृतीवाचून संभवत नाही. खो-खोमध्ये, ज्याच्या नियमांची बांधणी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली केली, पाठलाग करणाऱ्या गड्याला मधली रेषा ओलांडता येत नाही किंवा दिशा बदलता येत नाही. परंतु बसलेल्या गड्याला 'खो' देऊन तो आपली क्रिया दुसऱ्याच्या हाती सोपवू शकतो. साहाय्य करण्याच्या मुख्य क्रियेशी याचे साम्य आहे.

कवड्यांनी खेळल्या जाणाऱ्या चल्लस-आठ अथवा अष्टाचंग या घरगुती खेळात चार किंवा आठचे दान पडले की आणखी एक दान टाकावयास मिळते. ही जादा संधी दैवाने मिळते. भूमिकाखेळातील पूरक क्रिया ही जादा संधीच आहे, पण ती दैवाऐवजी पात्राच्या अंगभूत कौशल्याने मिळते. बुद्धिबळात एन पासाँचा मार प्याद्याने दोन घरे उडी घेतल्यावर लगेचच्या चालीत मारावा लागतो; ती वेळ टळली की हक्क संपतो. प्रतिक्रियेतील 'आत्ताच, नाहीतर नाही' ही अट त्याच जातीची आहे. किल्लेकोटात राजा आणि हत्ती या दोन मोहऱ्यांची हालचाल एकाच चालीत होते. संयुक्त क्रियेचे ते उत्तम उदाहरण होय.

सर्वांत उद्बोधक तुलना वाघ-बकरीच्या खेळाशी होते. त्यात वाघ थोडे आणि बकऱ्या पुष्कळ असतात. तरीही पाळी पक्षाला मिळते, प्राण्याला नाही. वाघांच्या बाजूने एक चाल, बकऱ्यांच्या बाजूने एक चाल. त्यामुळे बकऱ्यांची संख्या त्यांना जागा अडविण्यास उपयोगी पडते, अधिक चाली मिळवून देत नाही. भूमिकाखेळात मात्र पाळी व्यक्तीला मिळते. चार साथीदार एका राक्षसाशी लढत असतील तर एका फेरीत चार मुख्य क्रिया एका बाजूला आणि एकच मुख्य क्रिया दुसऱ्या बाजूला पडते. राक्षस कितीही बलाढ्य असला तरी या गणिताने तो लवकर हतबल होतो. उलट आठ दुबळे चोर चार वीरांना जेरीस आणू शकतात. यालाच खेळाडू 'क्रियांचे अर्थशास्त्र' म्हणतात. पाचव्या आवृत्तीत महाबली प्राण्यांना दुसऱ्यांच्या पाळीच्या शेवटी करता येणाऱ्या खास क्रिया दिल्या आहेत, त्या ही विषमता भरून काढण्यासाठीच होत.

निवडीचे गणित :

क्रियांची निवड केवळ कल्पनेवर सोडण्याचे कारण नाही. तिचा हिशेब मांडता येतो. समजा, योद्ध्याला लक्ष्य भेदण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा अधिक दान हवे आहे. म्हणजे वीसपैकी अकरा दाने अनुकूल. शक्यता ५५ टक्के. सोबती साहाय्य करीत असेल तर योद्धा दोन फासे टाकून मोठे दान घेतो. दोन्ही फासे चुकण्याची शक्यता ०.४५ × ०.४५ म्हणजे सुमारे २० टक्के. म्हणून यशाची शक्यता सुमारे ८० टक्के होते. याउलट लक्ष्य केवळ बचाव करीत असेल तर दोन फाशांतील लहान दान घ्यावे लागते आणि शक्यता ०.५५ × ०.५५ म्हणजे सुमारे ३० टक्क्यांवर येते.

आता साहाय्य करावे की स्वतः वार करावा? सोबतीही तितकाच निपुण असेल तर दोघांनी स्वतंत्र वार केल्यास सरासरी १.१० वार लागतात आणि साहाय्य केल्यास ०.८० वार. म्हणजे साहाय्य तोट्याचे. परंतु सोबत्याला १८ किंवा अधिक दान हवे असेल, म्हणजे त्याची शक्यता १५ टक्केच असेल, तर स्वतंत्र वारांची बेरीज ०.७० होते आणि साहाय्याने ०.८० मिळतात. येथे साहाय्य फायद्याचे ठरते. दुर्बल सोबत्याचे योगदान नियमाने निरुपयोगी ठरविलेले नाही. ते वेगळ्या प्रकारच्या क्रियेत ठेवले आहे. प्राथमिक संभाव्यताशास्त्र शिकविताना हे उदाहरण सहज वापरता येण्यासारखे आहे.

नियमांतील बदलांची दिशा :

तिसऱ्या आवृत्तीत प्रमाण क्रिया, हालचालीची क्रिया, पूर्ण फेरीची क्रिया आणि मुक्त क्रिया असे प्रकार होते. एकाहून अधिक वार करावयाचे तर सामान्यतः पूर्ण फेरी खर्चावी लागे. त्यामुळे अनुभवी योद्धा एका जागी खिळून राही. संधी साधून करावयाच्या वाराची कारणेही अनेक होती. जवळ शत्रू असताना धनुष्य चालविणे किंवा मंत्र म्हणणे हीसुद्धा त्यांत येत. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत प्रमाण, हालचाल आणि गौण असे तीन स्तर झाले आणि मोठी क्रिया सोडून तिच्या जागी लहान क्रिया घेण्याची स्पष्ट मुभा मिळाली. पाचव्या आवृत्तीने ही अदलाबदल काढून टाकली. मुख्य क्रियेच्या बदल्यात दुसरी पूरक क्रिया घेता येत नाही. संधी साधून करावयाच्या वाराचे कारणही मुख्यतः एकच ठेवले, ते म्हणजे कक्षेबाहेर पडणे. २०२४ च्या सुधारणेत औषधी द्रव पिणे पूरक क्रियेत आले आणि एका पाळीत मंत्रशक्तीचा एकच साठा खर्चावा असा सुटसुटीत नियम झाला.

'पाथफाइंडर' या खेळाच्या २०१९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीने निराळा मार्ग धरला. तेथे प्रत्येकाला तीन समान क्रिया आणि एक प्रतिक्रिया मिळते. चालणे, वार करणे, ढाल उचलणे या प्रत्येकी एक क्रिया. बहुतेक मंत्रांना दोन. कोणी तिन्ही क्रिया वारासाठी वापरू नयेत म्हणून दुसऱ्या वारावर पाच आणि तिसऱ्या वारावर दहा अंकांची सामान्य वजावट आहे. याउलट २०१० सालच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळात पाळ्यांचा क्रमच नाही. कथानक जिकडे वळेल तिकडे संचालक बोट दाखवितो. म्हणजे क्रियाप्रकार ही भूमिकाखेळाची अपरिहार्य अट नसून न्याय्य वाटपाचा एक उपाय आहे, हे लक्षात येते.

परिभाषेचा प्रश्न :

इंग्रजी संज्ञा जशाच्या तशा उचलल्याने मराठी विद्यार्थ्याचा गैरसमज कसा होतो हे पाहण्यासारखे आहे. 'बोनस' हा शब्द मराठीत रुळला आहे, पण त्याचा अर्थ दिवाळीला सर्वांना मिळणारी जादा रक्कम असा आहे. त्यामुळे 'बोनस अ‍ॅक्शन' म्हणजे सर्वांना मिळणारी जादा क्रिया असे वाटते आणि नेमकी येथेच सर्वाधिक चूक होते. 'रिअ‍ॅक्शन' म्हटले की औषधाचा त्रास डोळ्यांपुढे येतो. 'फ्री' म्हणजे फुकट, आणि फुकट म्हणजे अमर्याद, असा समज होतो. म्हणून पूरक क्रिया, प्रतिक्रिया आणि मुक्त क्रिया या संज्ञा योजल्यास अर्थ अधिक स्पष्ट होतो. पाळी, फेरी, डाव, दान, भिडू हे शब्द तर आपल्या अंगणातच तयार आहेत.

या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही आहे. पाचव्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांचा संदर्भग्रंथ जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली खुला करण्यात आला आणि सुधारित नियमांचा संदर्भग्रंथ २०२५ मध्ये त्याच पद्धतीने उपलब्ध झाला. योग्य श्रेयनिर्देश करून त्याचे मराठी भाषांतर कोणालाही करता येते. हे काम मराठी आणि इंग्रजी विभागांनी मिळून विद्यार्थ्यांकडून प्रकल्प म्हणून करून घेता येईल. मात्र संज्ञा आधी निश्चित झाल्या नाहीत तर भाषांतर नावापुरतेच मराठी राहील.

अध्यापनातील उपयोग :

वर्गातील गटचर्चेत तीनचार विद्यार्थी बोलतात आणि बाकीचे ऐकतात, हा अध्यापकांचा नित्याचा अनुभव आहे. आसपासच्या खेड्यांतून येणारा, बोलीच्या संकोचाने गप्प बसणारा विद्यार्थी अशा चर्चेत अदृश्य होतो. 'सर्वांनी बोलावे' या उपदेशाने हे बदलत नाही, कारण उपदेशात वाटप नसते. क्रियाप्रकारांच्या व्यवस्थेत वाटप आहे. चर्चेच्या एका फेरीत प्रत्येकाला एक मुख्य मांडणी, एक पूरक प्रश्न आणि एक खंडन एवढाच अधिकार दिला तर बोलका विद्यार्थी आपले खंडन जपून वापरील आणि अबोल विद्यार्थ्याची पाळी कोणी हिरावून घेऊ शकणार नाही. त्याला मांडणी करावयाची नसेल तर साहाय्याची क्रिया त्याच्यासाठी आहे. सोबत्याच्या मुद्द्याला आधार किंवा उदाहरण पुरविणे हेही मोजले जाईल.

या उपयोगाला मर्यादा आहेत. चाळीस जणांच्या वर्गात एक फेरीच तास खाऊन टाकील. म्हणून पाचसहा जणांचे गट करावे लागतील आणि प्रत्येक गटाला एक संचालक लागेल. नियम फार झाले तर विचार मागे पडून हिशेब पुढे येतो, हा धोका प्रत्यक्ष खेळातही असतो. संचालकाने नियम राबवितानाच, नियमात नसलेली पण प्रसंगाला साजेशी कृती कोणी सुचविली तर तिला योग्य त्या क्रियेच्या कोष्टकात बसविले पाहिजे. नियमपुस्तकेही हा विवेक संचालकावर सोपवितात.

निष्कर्ष :

१) क्रियाप्रकार म्हणजे काळाच्या लहान तुकड्यात मावणाऱ्या कामाचे मोजमाप होय. फेरी एका मिनिटावरून सहा सेकंदांवर आल्यावर हे मोजमाप अधिक काटेकोर झाले.
२) हालचाल, मुख्य क्रिया, पूरक क्रिया, प्रतिक्रिया आणि मुक्त क्रिया ही पाच स्वतंत्र खाती आहेत. पाचव्या आवृत्तीत एका खात्यातील शिल्लक दुसऱ्यात वळविता येत नाही.
३) पाळी पक्षाला मिळते की व्यक्तीला, यावर संख्याबळाचा परिणाम अवलंबून असतो. वाघ-बकरी आणि भूमिकाखेळ यांतील मूलभूत भेद हाच आहे.
४) साहाय्याची क्रिया दुर्बल भिडूला उपयुक्त स्थान देते, हे साध्या संभाव्यतेने सिद्ध करता येते.
५) नियमांचे मुक्त परवाने उपलब्ध असल्याने मराठी भाषांतराचा मार्ग मोकळा आहे, त्यासाठी देशी खेळांतील शब्दसंपत्ती पुरेशी समर्थ आहे.

युद्धाच्या वर्णनासाठी घडविलेल्या या नियमांनी प्रत्यक्षात सोडविलेला प्रश्न युद्धाचा नाही. एका पटाभोवती बसलेल्या असमान बळाच्या माणसांना समान संधी कशी द्यावी, हा आहे. तोच प्रश्न वर्गातही अध्यापकासमोर रोज उभा असतो.